पेपर संपतात, जागरण संपत नाही

विद्यार्थ्यांच्या निद्रानाशाचा विषय निघाला की बोट लगेच परीक्षेकडे आणि मोबाइलकडे जाते. दोन्ही कारणे खरी, पण अपुरी. परीक्षा सगळेच देतात. पेपर संपल्यावर बहुतेकांची झोप ताळ्यावर येते, काहींची येत नाही. असे का, हा खरा मानसशास्त्रीय प्रश्न आहे.

आधी एक भेद करायला हवा. सबमिशनसाठी ‘नाईट मारणारा’ झोपेला मुकतो, पण जर्नल तपासून झाले की दुपारी ढाराढूर झोपतो. निद्रानाशात अंथरूण असते, अंधार असतो, वेळही असतो. झोप तेवढी नसते. आठवड्यातून किमान 3 रात्री असे होत असेल, ते किमान 3 महिने टिकले असेल आणि त्याचा त्रास दिवसाही जाणवत असेल, तर त्याला विकार म्हणतात. विशीच्या आसपास शरीराचे घड्याळ मुळातच उशिराचे असते. त्यामुळे रात्री दोनला झोपून दहाला ताजातवाना उठणाऱ्याचे भांडण सकाळच्या लेक्चरशी असते, झोपेशी नव्हे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये निद्रानाशाच्या कारणांचे तीन गट मांडले: पोषक भूमी तयार करणारी, सुरुवात करून देणारी आणि टिकवून धरणारी. काळजीखोर स्वभाव आणि परिपूर्णतेचा हव्यास पहिल्या गटातले. एटीकेटी, प्लेसमेंट, घर सुटणे, प्रेमभंग दुसऱ्यातले. आपल्याकडची चर्चा बहुधा या दुसऱ्या गटापाशीच थांबते. निद्रानाश जुनाट होतो तो तिसऱ्यामुळे.

हा तिसरा गट रात्री दोन वाजता पाहावा. मुलगी कूस बदलते, उशाखालचा मोबाइल काढून वेळ बघते आणि हिशोब मांडते: आत्ता झोप लागली तरी साडेचार तास. वीस मिनिटांनी तोच हिशोब पुन्हा, आकडा कमी झालेला. आता काळजी वायवाची राहिलेली नसते, झोप न येण्याचीच झालेली असते. ॲलिसन हार्वी यांनी 2002 मध्ये या चक्राची नीट फोड केली. काळजीने शरीर सावध होते. मग लक्ष धडधडीकडे, घड्याळाकडे, शेजारणीच्या घोरण्याकडे वेधले जाते, आणि झोपेची तूट आहे त्याहून मोठी वाटू लागते. ‘आठ तास झाले नाहीत तर उद्याचा पेपर गेलाच’ हा समज त्यात तेल ओततो. झोप प्रयत्नाने येत नाही. अभ्यासात मेहनतीवर भिस्त ठेवणारी हुशार मुले नेमकी इथेच अडकतात.

मग सुरू होतात भरपाईचे उपाय: दुपारची लांब झोप, नऊलाच आडवे होणे, सकाळी दुप्पट कॉफी. तिन्हींमुळे पुढची रात्र आणखी बिघडते. दिवसभर साठायला हवी ती झोपेची ओढ दुपारीच खर्ची पडते.

रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये सांगितलेला नियम साधा आहे: बिछाना झोपेसाठीच, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे जा. पण पुण्यात सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्याने कुठे जायचे? त्याचे टेबल, कपाट, जेवणाची जागा, घरी फोन करायचा कोपरा, सगळे त्या एका कॉटवर. ज्या गादीवर दिवसभर नापास होण्याची भीती वाटते, तिच्यावर पाठ टेकताच मेंदू सावध झाला तर नवल नाही. पेठेतल्या अभ्यासिकांचा एक फायदा क्वचितच कुणी मोजतो: अभ्यास कॉटवरून उठतो. तेही न जमल्यास दिवसा गादी गुंडाळून ठेवणे आणि रात्री उठून जिन्यात बसणे, एवढी तडजोड शक्य आहे.

नैराश्य आणि चिंता यांच्याशी निद्रानाशाचे नाते दुहेरी आहे. समुपदेशनात ‘मन सुधारले की झोप सुधारेल’ असा क्रम सर्रास गृहीत धरला जातो. तो नेहमी बरोबर नसतो. डॅनियल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ब्रिटनमधल्या 26 विद्यापीठांतले 3,755 विद्यार्थी होते. त्यांतल्या एका गटाला झोपेसाठीचे संज्ञानात्मक वर्तनोपचार ऑनलाइन दिले गेले. त्या गटाचा निद्रानाश घटला. शिवाय लोकांविषयीचा अवाजवी संशय आणि भासही कमी झाले, तेही त्यांवर थेट उपचार न करता.