यंत्राची भाषा की माणसाची? : वापरकर्त्याच्या मांडणीचा इतिहास

संगणकावरील मराठीची चर्चा आपण बहुधा टंकांपासून सुरू करतो आणि टंकांपाशीच संपवतो. पडद्यावर देवनागरी उमटली की प्रश्न मिटला, अशी आपली समजूत असते. परंतु त्याआधीचा एक प्रश्न उरतोच. भाषेची निवड नोंदवली जाते ती यंत्राच्या नावे की माणसाच्या नावे? बेळगाव, निपाणी, बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. आपल्याकडे शाळेतल्या वा वाचनालयातल्या एकाच संगणकावर तीन-चार मातृभाषांची माणसे पाळीपाळीने बसतात. त्या सर्वांवर यंत्राने एकच भाषा लादायची काय?

या प्रश्नाचे एक उत्तर युनिक्स या प्रणालीने दिले. एका यंत्रावर अनेकांनी काम करावे हे तिचे मूळ सूत्र असल्याने प्रत्येकाला स्वतःचे 'घर', म्हणजे स्वतंत्र कप्पा मिळे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील बॉर्न शेल वापरकर्ता आत शिरताच त्याच्या घरातील 'प्रोफाइल' नावाची छोटी धारिका वाचून त्यातील आज्ञा पार पाडी. या धारिकांची नावे टिंबाने सुरू होत आणि यादीत ती दिसत नसत. आज्ञांच्या अशा लिखित क्रमाला स्क्रिप्ट म्हणतात. योगायोग असा की इंग्रजीत लिपीलाही हाच शब्द आहे.

घरगुती संगणकावर मात्र ही कल्पना उशिरा पोहोचली, कारण तेथे यंत्राचा धनी एकच असे गृहीत धरलेले होते. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने रजिस्ट्री या नोंदवहीत दोन शाखा वेगळ्या ठेवल्या : एक संपूर्ण यंत्राची, दुसरी त्या वेळी आत असलेल्या वापरकर्त्याची. विंडोज ९५ मध्येही वापरकर्त्याची नोंद वेगळ्या धारिकेत असे. पण ती सोय मुद्दाम चालू केल्याखेरीज सर्वांना एकच मांडणी मिळे.

मराठीचा प्रवेश झाला तो विंडोज २००० मध्ये. हिंदी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ यांच्याबरोबर तिला प्रणालीत स्थान मिळाले. कन्नड, गुजराती व तेलुगू पुढल्या वर्षी एक्सपीसह आल्या. प्रत्येक भाषेला एक क्रमांक असतो. मराठीचा ११०२, कोकणीचा ११११, कन्नडचा १०९९. वापरकर्त्याच्या शाखेतील कळफलकांच्या यादीत मराठीचा हा क्रमांक नोंदवला की इन्स्क्रिप्ट कळफलक त्याच्या हाताशी येतो, आणि शेजारी बसणाऱ्या कन्नडभाषकाच्या खात्याला त्याचा धक्काही लागत नाही.

कागदावर हे न्याय्य दिसते. व्यवहारात एक्सपीच्या काळी एक पायरी आड येई. भारतीय लिप्या नीट जुळवून दाखवण्यासाठीच्या धारिका आधी यंत्रावर बसवाव्या लागत आणि त्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार व बहुधा मूळ तबकडीही लागे. निवड वापरकर्त्याची, पण परवानगी यंत्राच्या धन्याची. सार्वजनिक संगणकावर ही परवानगी कोण देणार, हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता. व्हिस्टापासून हे साहाय्य प्रणालीतच अंतर्भूत झाले आणि ती पायरी गेली.

तथापि दुसरी अडचण आजही भेटते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. व्यवस्थापक स्वतःच्या खात्यातून मराठीची मांडणी करणारी स्क्रिप्ट चालवतो तेव्हा ती नोंद त्याच्याच शाखेत होते. पन्नास विद्यार्थ्यांच्या खात्यांत काहीही बदलत नाही. 'मराठी बसवली आहे' असे प्रामाणिकपणे सांगितले जाते आणि विद्यार्थ्याला ती सापडत नाही. यावर मार्ग दोन. पहिला, प्रवेशाच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट. ती प्रत्येकाच्या नावाने चालते, म्हणून प्रत्येकाच्या शाखेत लिहिते. दुसरा, नमुना-वापरकर्त्याच्या मांडणीत बदल करणे. मात्र तो नमुना नव्या खात्याच्या पहिल्या प्रवेशाच्या वेळीच उतरवला जातो, त्यामुळे जुन्या खात्यांना त्याचा लाभ होत नाही. २००६ साली आलेल्या पॉवरशेलने अशी कामे सुकर केली, आणि विंडोज ८ पासून वापरकर्त्याची भाषांची यादी एका आज्ञेने लिहिता येऊ लागली.

लिनक्समध्ये युनिक्सचा वारसा अधिक मोकळेपणाने पुढे आला. तेथे संदेशांची भाषा, तारखेची पद्धत आणि वर्णानुक्रम या बाबी वेगवेगळ्या ठरवता येतात. शिवाय संदेशांसाठी भाषांची उतरंड देता येते : आधी मराठी, तीत भाषांतर नसेल तर कन्नड, तेही नसेल तर इंग्रजी. बेळगावच्या मराठी माणसाचे भाषिक वास्तव यापेक्षा नेमकेपणाने कोणत्या अर्जात मांडता येईल? भाषेची नोंद मराठी असली तर, ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत, ल आणि श ही अक्षरेही हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची दिसतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने प्रमाण मानलेले वळण ते हेच.

या नोंदींतील एक गोष्ट आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. भाषेच्या सांकेतिक नावाचे दोन भाग असतात, एक भाषेचा व दुसरा देशाचा. मराठीपुढे 'भारत' येते. राज्याचे नाव कोठेच येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखलेली रेषा या नोंदवहीत उमटलेली नाही. निपाणीची मराठी आणि नाशिकची मराठी तेथे एकाच क्रमांकाने ओळखली जाते. त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींविषयी बोलतो. शिक्षण आज संगणकापुढे बसून होत असेल, तर त्या संगणकावरील खाते हाही त्या सोयीचा भाग मानला पाहिजे.

म्हणून आमचे आपल्या संस्थांना सांगणे असे : सार्वजनिक संगणकावर प्रत्येकाला स्वतंत्र खाते मागा आणि प्रवेशाच्या स्क्रिप्टमध्ये मराठी कळफलक व भाषांचा क्रम लिहून घ्या. जेथे खाते सामाईक आहे, तेथे किमान मराठी कळफलक यादीत असावा. या मागणीला पैसा लागत नाही आणि तिने कोणाच्या भाषेचे काही कमी होत नाही. मात्र मागणी करताना 'यंत्रावर मराठी आहे' या उत्तरावर समाधान मानू नये. आपल्या खात्यात ती आहे काय, एवढेच विचारावे.