कर्करोग, कोरोना आणि वर्धा जिल्हा: साथीने शिकवलेले चार धडे

"डॉक्टर, आईचं केमो चालू आहे. परत कोरोना आला म्हणतात. पुढचं सलाईन थांबवू का?"

तापाची साथ आली की हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे थोडक्यात उत्तर असे: स्वतःहून थांबवू नका, आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. पण हे उत्तर २०२० च्या मार्चमध्ये कोणाकडेच नव्हते. ते कसे मिळाले आणि मिळेपर्यंत काय किंमत मोजावी लागली, हा इतिहास तुम्हाला ठाऊक असावा. तो कळला की घाईने चुकीचा निर्णय घेतला जात नाही.

ग्रीन झोनमधले रुग्ण

एप्रिल २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने जिल्ह्यांची लाल, नारंगी आणि हिरवी अशी यादी काढली. महाराष्ट्रातले फक्त सहा जिल्हे हिरवे होते: उस्मानाबाद, वाशिम, सिंधुदुर्ग, गोंदिया, गडचिरोली आणि वर्धा. आपल्याकडे कोरोना नाही, याचे सगळ्यांना समाधान होते.

कर्करोगाच्या रुग्णासाठी मात्र चित्र वेगळे होते. रेल्वे बंद, एसटी बंद आणि जिल्ह्याच्या सीमेवर पोलीस. ज्यांचे उपचार नागपूरला चालू होते, त्यांना पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरच्या अंतरासाठी पास काढावा लागे, आणि नागपूर लाल झोनमध्ये होते. आर्वी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या खेड्यातून निघायचे तर गाडी कोण देणार, हा पहिला प्रश्न असे. सेवाग्राम आणि सावंगी इथली मोठी रुग्णालये जिल्ह्यातच होती, हे वर्धेकरांचे भाग्य. पण तीच रुग्णालये कोविडसाठीही सज्ज झाली होती, त्यामुळे तिथे जायला लोक घाबरत. मे महिन्यात जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला आणि ही भीती आणखी वाढली.

गावात कोरोना नव्हता, पण तोंडातली जखम होती, स्तनातली गाठ होती. आपल्या जिल्ह्यातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो. तोंडाच्या कर्करोगामागे तंबाखू आणि खर्रा आहे, हे वेगळे सांगायला नको. असली गाठ किंवा जखम साथ संपण्याची वाट पाहत थांबत नाही.

पहिला धडा: लहान आकड्यांनी मोठी भीती पसरते

कर्करोग असलेल्यांना कोरोना जास्त छळतो, ही पहिली शास्त्रीय बातमी चीनमधून फेब्रुवारी २०२० मध्ये आली. १,५९० कोरोना रुग्णांपैकी १८ जणांना पूर्वी किंवा तेव्हा कर्करोग होता. या १८ पैकी ३९ टक्के रुग्णांची प्रकृती गंभीर झाली. इतरांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होते. जवळजवळ पाचपट धोका! जगभर ही बातमी झाली.

आता जरा खोलात जाऊन पाहू. १८ पैकी ३९ टक्के म्हणजे माणसे फक्त सात. त्यांचे सरासरी वय ६३, तर इतरांचे ४९. धूम्रपान केलेलेही त्यांच्यात जास्त. शिवाय ज्यांच्या उपचारांची माहिती होती अशा १६ जणांपैकी फक्त चौघांनी आदल्या महिन्यात केमो किंवा शस्त्रक्रिया घेतली होती. बाकीचे बारा जण उपचार संपवून फक्त तपासणीला येणारे होते. मग दोष केमोचा, वयाचा की बिडीचा? एवढ्या लहान अभ्यासावरून ते सांगता येत नव्हते. तरीही "केमो म्हणजे धोका" हे समीकरण लोकांच्या मनात बसले.

दुसरा धडा: सगळे कर्करोग सारखे नाहीत

मे २०२० च्या अखेरीस दोन मोठे अभ्यास आले. एक अमेरिका, कॅनडा व स्पेनमधील ९२८ रुग्णांचा, ज्यात १३ टक्के रुग्ण दगावले. दुसरा ब्रिटनमधील ८०० रुग्णांचा, ज्यात २८ टक्के दगावले. आकडे काळजीचे होते, पण ब्रिटनच्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. वय आणि इतर आजारांचा हिशेब केल्यावर, आधीच्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्यांमध्ये आणि न घेतलेल्यांमध्ये मृत्यूच्या धोक्यात ठळक फरक नव्हता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या वाढते वय, पुरुष असणे, रक्तदाब आणि हृदयविकार.

आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयानेही उपचार चालू असताना कोरोना झालेल्या २३० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे १० टक्के होते आणि त्यातल्या काहींचा मृत्यू कोरोनाने नव्हे, तर कर्करोग बळावल्याने झाला होता.

इंग्लंडमधील सुमारे पावणेदोन कोटी लोकांच्या नोंदींवरून आणखी एक भेद स्पष्ट झाला. रक्ताच्या कर्करोगाचे निदान होऊन वर्ष झाले नसेल तर मृत्यूचा धोका इतरांच्या जवळजवळ तिप्पट होता, आणि पाच वर्षांनंतरही तो थोडा वाढलेलाच राहिला. उलट स्तन, आतडे अशा अवयवांच्या कर्करोगाचे निदान होऊन पाच वर्षे उलटलेल्यांचा धोका चारचौघांएवढाच होता.

असे का? शरीराची तटबंदी सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातच असतात. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा या आजारांत शिपाईच आजारी पडतात. विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत. लस घेऊनही त्यांना कमी संरक्षण मिळते आणि काहींच्या शरीरात विषाणू आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो. फुप्फुसाच्या कर्करोगात कारण वेगळे असते: तिथे फुप्फुसाची शिल्लक ताकदच कमी असते.

तिसरा धडा: न घेतलेले उपचारही जीव घेतात

हा सर्वांत महागडा धडा. भारतातील ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली. नव्या रुग्णांची नोंद ५४ टक्क्यांनी घटली. मोठ्या शस्त्रक्रिया जवळपास निम्म्या झाल्या. बाहेरून येऊन घ्यायचे केमो ३७ टक्क्यांनी कमी झाले.

कर्करोग तर कमी झाला नव्हता. मग ते रुग्ण कुठे गेले? ते घरीच होते. त्यातले अनेक जण पुढे वाढलेल्या अवस्थेत दवाखान्यात आले. पहिल्या टप्प्यातला तोंडाचा कर्करोग छोट्या शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. तोच जबड्यात आणि मानेत पसरला की शस्त्रक्रिया मोठी होते, रेडिएशन लागते आणि खात्री कमी होते. कोरोनाच्या मृतांच्या यादीत या माणसांची नावे नाहीत, पण साथीचा हिशेब करताना त्यांना विसरता येणार नाही.

चौथा धडा: लस हवी, आणि औषध मोजून हवे

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट विदर्भात लवकर जाणवली. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयातील आजारी व्यक्तींना लस मिळू लागली. आजारांच्या यादीत कर्करोग होता. पण चाळिशीतल्या केमो घेणाऱ्या बाईला मात्र मे महिन्यापर्यंत थांबावे लागले, कारण वयाची अट तिच्या आड येत होती.

याच लाटेत काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, घबराट पसरवली. ही बुरशी नवी नव्हती. पांढऱ्या पेशी घसरलेल्या कर्करुग्णांत डॉक्टर ती पूर्वीपासून पाहत आले होते. आता वाढलेली साखर आणि बेसुमार स्टेरॉइड यांमुळे ती इतरांनाही होऊ लागली. तिच्यावरचे ॲम्फोटेरिसिन बी हे इंजेक्शन मिळेनासे झाले, तेव्हा मे २०२१ मध्ये वर्ध्याच्याच जेनेटिक लाइफसायन्सेस या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. जिल्ह्याने याचा अभिमान जरूर बाळगावा, पण मूळ गोष्ट विसरू नये: स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला होतो. साध्या तापात मेडिकलमधून आणून ते घेऊ नये.

अंतर म्हणजे वाळीत टाकणे नव्हे

हे शिकवायला वर्ध्याला बाहेरून कोणी यायची गरज नाही. १९३९ च्या सुमारास संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने गांजलेले असताना सेवाग्राम आश्रमात आले. तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते आणि लोक दूर पळत. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ वेगळी झोपडी उभारली आणि ते स्वतः त्यांना मालिश करत. झोपडी वेगळी होती, पण माणूस तुटला नव्हता. घरातल्या कर्करुग्णाला जपताना हेच लक्षात ठेवा. खोकणाऱ्याने दूर राहावे, मास्क लावावा, पण रुग्णाला एकटे पाडू नये.

आज तुम्ही काय करावे?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. म्हणून:

- केमो चालू असताना ताप १०० अंशांच्या वर गेला तर ती तातडीची बाब समजा. कोरोना असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.
- कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर लगेच कळवा. विषाणूविरोधी औषधे पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तरच उपयोगी पडतात.
- केमो किती दिवस पुढे ढकलायचे, हे तुमचे डॉक्टर आजाराच्या प्रकारावरून ठरवतील. बहुतेकदा ते काही दिवसांपुरतेच असते.
- रक्ताचा कर्करोग असेल तर लसीचे जादा डोस आणि त्यांची वेळ विचारून घ्या. घरातल्या सर्वांनी लस घेतली तर रुग्णाभोवती कुंपण तयार होते.
- तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, तर साथ संपायची वाट पाहू नका.
- आणि खर्रा? तो सोडायला साथीची वाट कशाला पाहायची!

त्या मुलाला मी सांगितले, "आईला घेऊन ये. दोघेही मास्क लावा, सकाळी लवकर या, गर्दी कमी असते." २०२० मध्ये अशी फाइल घरीच राहिली होती. या वेळी ती राहू देऊ नका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)