झाकलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपण महाड सांगतो, काळाराम सांगतो. सांगितलाच पाहिजे. पण फुलमणी दासी कुणी सांगत नाही.

बंगालची पोर. वय दहा-अकरा. नवऱ्यानं जबरदस्ती केली, रक्त जाऊन ती मेली. 1890 साली कलकत्त्यात खटला चालला. बायको दहाच्या वर असली की कायद्याच्या लेखी बलात्कार नाही. नवरा त्यातनं सुटला. हयगयीनं जबर इजा केली म्हणून फक्त एक वर्षाची सक्तमजुरी. 1891 ला दहाचे बारा झाले. तेवढ्यावरही धर्म बुडाला म्हणून बोंब. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, म्हणून पुण्यात टिळक विरोधात उभे. बायकोसाठी ही मर्यादा अठरावर नेली सुप्रीम कोर्टानं, 2017 ला. खटल्यापासून 127 वर्षं गेली.

टाळ्या वाजवू नका, आपलंही ऐका. जेजुरीच्या खंडोबाला आपल्या पोरी वाहिल्या, अंग कळायच्या आधी. शिवराम जानबा कांबळेंनी 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळी प्रथेवर कोरडे ओढले. 1936 ला परळच्या दामोदर हॉलात बाबासाहेबांनी मुरळ्या-जोगतिणींना तोंडावर सांगितलं, हे जिणं सोडा. समाजाची बदनामी होईल म्हणून ते गप्प बसले नाहीत.

आपण बसतो. मीही बसलो. एका शिबिरात बारा वर्षांचं पोरगं मला म्हणालं, "दादा, मी त्यांच्या खोलीत झोपणार नाही." 'ते' म्हणजे आमचा जुना कार्यकर्ता. मी विचारलंच नाही, का रे? वरचे म्हणाले, चळवळीला डाग नको. पोरगं पुन्हा शिबिराला आलं नाही. डाग त्याच्या अंगावर राहिला, आम्ही स्वच्छ.

2007 च्या सरकारी पाहणीत 13 राज्यांतली 12,447 मुलं होती. निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळ सांगितला. छळणारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले. काका, मामा, शेजारी, सर, आपल्यातलाच कुणी दादा.

2012 चा पोक्सो कायदा पोरगा-पोरगी बघत नाही. अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात येतं. कळूनही पोलिसांना कळवलं नाही तर तो गुन्हा. संस्थेच्या प्रमुखाला जास्त सजा. म्हणजे 'आपसात मिटवू' म्हणणारा अध्यक्षही आरोपी.

म्हणून शिबिरात एकट्या मोठ्या माणसाच्या खोलीत मूल झोपवायचं नाही. मूल बोललं तर आधी खरं मानायचं. दहादा उलटतपासणी नको, नाव चारचौघांत नको. 1098 ला फोन लावायचा. माणूस कितीही मोठा असो, त्याच दिवशी मुलांपासून दूर करायचा.

बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आहे. त्याच्याखाली पोरगं भिऊन झोपत असेल तर आपली जयभीम कुणासाठी?