तार माणसाला लावायची

मंडळी, ओवी किती जुनी असेल? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे माउलींच्या आधी किमान दीडशे वर्षं उखळामुसळाशी ओवी गायली जात होती, आणि तीही राजाच्या कानावर जाण्याइतकी!

त्या ओवीचे शब्द पुढे कागदावर आले. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्रीजीवन' मध्ये शेकडो ओव्या छापल्या. आम्ही शिक्षक मंडळींनी त्या वर्गात वाचून दाखवल्या, अर्थ सांगितला, अलंकार ओळखायला लावले. चाल मात्र पुस्तकात नव्हती. छापलेल्या ओवीच्या शेजारी सूर कुठला लिहिणार? तो जात्याशी बसलेल्या बाईच्या गळ्यात असायचा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका चालीला 'गळा'च म्हणत. "तिचा गळा येगळा" म्हणजे तिची चाल वेगळी.

आंबेगाव तालुक्यातल्या लोकांना हे सांगायला एक उदाहरण पुरे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. नाव सातबाऱ्यावर आहे, एस.टी.च्या पाटीवर आहे, गाव मात्र पाण्याखाली. ओवीचंही तसंच होत चाललं आहे. शब्द वर राहिले, चाल खाली गेली.

चालीचं मोल ओळखून काम करणारी माणसंही पुण्यातच होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून ऐकून ओव्या जमवल्या. हा संग्रह एक लाखाच्या घरात गेला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. प्वातवँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून हा ठेवा 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने इंटरनेटवर आणायला घेतला. जिज्ञासूंनी जरूर ऐकावा.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे आमच्या नातवाची गिटार. त्याला त्याच्या पणजीची, म्हणजे माझ्या आईची ओवी गिटारवर वाजवायची होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पण घोडेगावकडे दिलेल्या आमच्या अक्काला आईचा गळा जसाच्या तसा येतो. वय पंच्याऐंशी, दात नाहीत, पण सूर पक्का. नातवाने तिच्यासमोर फोन ठेवून ओवी भरून घेतली आणि घरी येऊन गिटारवर बसवायला लागला. दोन दिवस झाले तरी जमेना. पट्टी जुळवली की कॉर्ड चुकल्यासारखा वाटे, कॉर्ड बदलला की ओवीची शाळेतली प्रार्थना होऊन जाई.

असं का होतं याचं उत्तर शोधताना मला आठवलं ते आमच्या जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव. तमाशाची पंढरी! पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला आणि विठाबाई इथल्याच. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. तमाशात ढोलकीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मागे उभा राहून तुणतुणं वाजवणाऱ्या सुरत्याकडे कोण बघतो? पण सगळ्या गाण्याचा पाया तोच धरून असतो.

तुणतुणं म्हणजे तरी काय? एक पोकळ नळकांडं, त्याच्या तळाला चामडं, बाजूला काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि चामड्यापासून खुंटीपर्यंत एकच तार. तिच्यावर बोटं दाबून सूर काढायचे नसतात. ती कायम मोकळीच वाजते. खुंटी पिळून ती गाणाऱ्याच्या 'सा'ला लावायची, एवढंच. गाणारा बदलला की खुंटी फिरली. एकतारीचं आणि तंबोऱ्याचंही तेच. आपल्याकडे आधी माणूस असतो, मग त्याच्या गळ्याला तार लावतात.

पेटीने हा क्रम थोडा उलटा केला. पेटी आपला सूर सोडत नाही. गाणाऱ्याला 'काळी चार' नाहीतर 'पांढरी पाच' यातलं एक काहीतरी पत्करावं लागतं, मधली जागा नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, त्यामागचं एक कारण हेच. पेटीचे सूर जागचे हलत नाहीत, दोन सुरांमधून ओढत नेता येत नाही. खेड्यातल्या भजनी मंडळांना या बंदीचं काहीच वाटलं नाही. त्यांची पेटी चालूच राहिली, आणि तिने पुष्कळांना गायला शिकवलं हेही खरंच.

गिटारची नेहमीची जुळणी, म्हणजे जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई, ही कॉर्डसाठी सोयीची आहे. डाव्या हाताची बोटं थोडी हलवली की निरनिराळे कॉर्ड मिळतात. पाश्चात्त्य गाणं कॉर्डवर चालतं, त्यामुळे त्यांना ती सोयीची. आपली ओवी मात्र एका 'सा'भोवती चार-पाच सुरांत फिरते. तिला कॉर्ड बदलत नेणं म्हणजे ओट्यावर बसलेल्या आजीला दर मिनिटाला उठवून दुसऱ्या खुर्चीत बसवण्यासारखं आहे!

पण गिटारवाल्यांनाही हे कळलेलं होतं. १८३० च्या दशकात मेक्सिकोकडचे गुराखी गिटार घेऊन हवाई बेटांवर गेले. तिथल्या लोकांनी खुंट्या सैल करून तारा आपल्या गाण्याप्रमाणे लावून घेतल्या. त्यांच्या भाषेत या पद्धतीचं नावच 'चावी सैल करणे' अशा अर्थाचं आहे. डाव्या हाताने काहीही न दाबता तारा छेडल्या तरी सुरेल वाजाव्यात, अशी ही जुळणी. हीच ओपन ट्यूनिंग. तिथल्याच जोसेफ केकुकूने १८८९ च्या सुमारास तारांवरून पोलादी कांडी फिरवायची रीत काढली, आणि ती हवाईयन गिटार फिरत फिरत आपल्याकडे आली. आमच्या पिढीने रेडिओवर व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी वाजवलेल्या सिनेमाच्या चाली कितीदा ऐकल्या असतील! पुढे ब्रिजभूषण काबरांनी त्याच गिटारवर राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. तारा मोकळ्या लावलेल्या गिटारने मींड घेतली आणि ती आपल्यातली वाटू लागली.

मी नातवाला एवढंच म्हटलं, "बाळा, अक्काला गिटारला लावू नकोस. गिटार अक्काला लाव." मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, पण पोराने पुढचं सगळं बरोबर केलं. अक्काचा 'सा' पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी निघाला. त्याने पहिली, पाचवी आणि सहावी तार एकेक सूर सैल केली. तशी गिटार जाड तारेपासून डी, जी, डी, जी, बी, डी अशी लागली. आपल्या भाषेत प, सा, प, सा, ग, प. मग सगळ्याच तारा किंचित चढवून अक्काच्या 'सा'ला नेल्या. मशीनवरचा काटा बघायचं सोडून तो फोनमधला तिचा आवाज ऐकत बसला.

तरी एक तार खुपत होती, 'ग'ची. अक्काचा गंधार ना धड कोमल ना धड शुद्ध. वर जाताना थोडा चढा, उतरताना ढिला. मोकळ्या तारेवर एक ठाम गंधार सारखा वाजत राहिला की तिचा गंधार उगीचच बेसूर ठरतो. मग त्याने ती तार अर्धा सूर चढवून 'म'ला लावली. गंधार तिसऱ्या तारेवर तिसऱ्या पट्टीत दाबून, तार जराशी बाजूला ओढून काढला. अंगठा पाचव्या आणि चौथ्या तारेवर फिरत राहिला, सा-प, सा-प. ऐकताना मला एकदम कळलं की हा अंगठा म्हणजे जातं. बायका ओवी गात तेव्हा साथीला वाद्य नव्हतं असं आपण म्हणतो. पण जात्याची घरघर होतीच की! त्या अखंड घरघरीवर त्यांचा सूर टेकलेला असे. गिरणी आली, घरघर थांबली, आणि ओवीचा तंबोराच गेला. आता लग्नात घाणा भरताना जात्याला हळदकुंकू लागतं तेवढंच.

गिटारने ओवी 'वाचवली' असं मी म्हणणार नाही. गिटारवर ऐकू येते ती चाल, बाईचं दुःख आणि शब्द तिच्याच तोंडून यायला हवेत. पण एक गोष्ट झाली. चाल शिकायची म्हणून एक कॉलेजातला मुलगा पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा सूर बारकाईने ऐकायला शिकला. ती चुकते आहे असं न समजता तिचा गंधार तिच्या जागी आहे असं त्याने मानलं. शाळेत इतकी वर्षं ओव्या शिकवताना वर्गातल्या एखाद्या मुलाला "घरी आजीला विचारून ये, ही कशी म्हणतात" असं सांगणारं एकही पाठ्यपुस्तक माझ्या हाती आलं नाही. खरा धडा तोच होता.

असो. माझ्या भाचरांना, पुतण्यांना आणि इथे नेमाने वाचणाऱ्या स्नेह्यांना एक विनंती. तुमच्या घरात जात्यावर बसलेली एखादी आत्या, मावशी, आजी अजून असेल. तिचं वय आता ऐंशीच्या पुढेच असणार. तिच्याकडून ओवी लिहून घेऊ नका, गाऊन घ्या. शब्द विसरली तरी चालेल, शब्द पुस्तकात सापडतील. आणि शक्य असेल तर ती गाताना तिच्यासमोर नुसतं रिकामं जातं फिरवा. बघा, सूर आपोआप लागतो की नाही.