कुपे, कूपे आणि कूप

मराठी माणसाला 'कुपे' प्रथम भेटला तो रेल्वेत. पहिल्या वर्गाच्या डब्यातली ती दोन बर्थची खोली. आत कडी लावून दोघांनी बसायचं आणि बाकीच्या जगाने बाहेर उभं राहून 'कोण असतील हो आत?' असा विचार करायचा. मोटारीतला कूपे हा त्याचाच सख्खा भाऊ. दोघांचा मूळ पुरुष म्हणजे फ्रान्समधली एक घोडागाडी. समोरासमोर दोन बाकं असलेल्या बग्गीतलं पुढचं बाक कोणीतरी कापून टाकलं आणि दोघांपुरती गाडी उरली. फ्रेंच भाषेत 'कूपे' म्हणजे कापलेला. थोडक्यात, सासू-सासरे आणि नणंदा ज्या बाकावर बसल्या असत्या, नेमकं तेच बाक सुताराने काढलं! युरोपात एकत्र कुटुंब असं करवतीने मोडलं. आपल्याकडे त्यासाठी वकील लागतो.

अमेरिकेत या शब्दाचा उच्चार 'कूप' असा करतात. संस्कृतात कूप म्हणजे विहीर. ज्यांनी अशी जुनी गाडी चार-दोन वर्षं पोसली आहे, त्यांना अमेरिकन उच्चारच जास्त शास्त्रशुद्ध वाटतो.

हा षोक आपल्याकडे परवडला तो संस्थानिकांना. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांची १९३५ सालची ड्यूसेनबर्ग एसजे घ्या. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचं, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंगचा, रंग केशरी आणि काळा. आठ सिलिंडरचं सुपरचार्जरवालं इंजिन, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३२० अश्वशक्तीचं. एवढ्या सगळ्या घोड्यांनी ओढायची माणसं किती? तर दोन. ती उघडी स्पीडस्टर, म्हणजे कूपेची चुलत बहीण. पण अख्खं संस्थान पदरी असलेल्या माणसालाही दोघांपुरतीच जागा हवीशी वाटावी, यात बरंच काही आलं.

सामान्य माणसाच्या नशिबी मात्र चार दारं होती. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत असे. पुढे सरकारने सांगितलं, नुसत्या जोडू नका, इथे बनवा. तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. राहिली वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमिअर. तिची फियाट १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली. चार दारं, नऊ माणसं आणि डिकीत भाद्रपदातला गणपती. या हिशेबात कूपे बसतच नाही. पुढची सीट वाकवून मागे आजीला बसवायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांशी वैर धरणं.

त्या काळात नवी परदेशी गाडी दिसलीच तर ती वकिलातीतल्या एखाद्या साहेबाने जाताना मागे टाकलेली असे. सरकारचं स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ती विकायचं आणि एखादा सिनेनट ती घ्यायचा. तिकडे १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजवाड्यांचं दार किलकिलं झालं आणि जुन्या गाड्या बाहेर पडल्या. काही भंगारात गेल्या, काही परदेशी. शेवटी सरकारला जाग आली आणि १९५० पूर्वीच्या गाड्या देशाबाहेर न्यायला बंदी झाली. उरलेल्या गाड्यांच्या मागे वाळवी लागली. थट्टा नाही, त्या काळच्या अनेक गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे नेरुळच्या एका सोसायटीच्या फळ्यावरची सूचना. 'शुक्रवारी पाणी येणार नाही' याच्या खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मर्सिडीज २२० एसई कूपे विकणे आहे.' हे मॉडेल १९६१ सालचं. डॅशबोर्ड लाकडी, दारं दोन, आणि काचा खाली केल्या की मध्ये खांब नाही. तो खांब सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे आणि मालक गेली वीस वर्षं त्याला चुकवतायत.

बघायला येणारे पहिला प्रश्न विचारतात, 'ॲव्हरेज किती?' लताबाईंच्या गाण्याला रॉकेल किती लागतं, असं विचारण्यापैकी हे झालं.

दुसरी अडचण कायद्याची. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी 'विंटेज'. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. विक्री झाली तर दोघांनी ९० दिवसांत कळवायचं. आणि गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे निवृत्त माणसासारखं: लग्नकार्य आणि डॉक्टर.

या हिशेबाने नवी मुंबईसुद्धा विंटेजच की! सिडको १९७० ची, खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ चा. पण नियमात आणखी एक अट आहे. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. गॅलऱ्या बंद करून खोल्या काढलेल्या आमच्या गावाला तिथे नापास व्हावं लागेल.

पण खरा घोटाळा गाडीचा नाहीच. मालकांबरोबर एक म्हातारे मिस्त्री येतात. बॉनेटला कान लावून कार्ब्युरेटरची तक्रार सांगतात. खाडीच्या खाऱ्या हवेत गंज कुठून शिरेल हे त्यांना आधी कळतं. पत्रा हाताने ठोकून त्याला जुनी गोलाई आणतात. त्यांचा मुलगा ऐरोलीला कॉम्प्युटरवर काम करतो. चांगलं चाललंय त्याचं. त्याने तरी हात काळे का करावेत?

परवा मी मिस्त्रींना विचारलं, "गिऱ्हाईक मिळेल का हो?"

"गाडीला मिळेल," ते म्हणाले. "पैसेवाले बरेच येऊन गेले. पण प्रत्येक जण विचारतो, चालवायला कशी आहे. ऐकायला कशी आहे, हे कोणी विचारत नाही."

मालकांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या सूचनेत एक ओळ वाढवली: 'घेणाऱ्याने सहा महिने रविवारी मिस्त्रींकडे शिकायला यावे.' तेव्हापासून फोन कमी झालेत. किंमत मात्र त्यांनी उतरवली आहे.