वाघिणीच्या पाठीवर

नोव्हेंबरातली दुपार. कारंज्याच्या महामार्गावरून संत्र्यांचे ट्रक धावताहेत आणि तुम्ही मागच्या खोलीत जुन्या टेबलावर हनुवटी टेकवून बसला आहात. कारंजा (घाडगे) गावात रेल्वे कधी आली नाही. आली ती या टेबलावर, 1:87 च्या मापाने.

नाकासमोर एक सपाट वाघीण उभी आहे. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणणारा पहिला मराठी माणूस कोण होता कोण जाणे, पण त्याला मानलं पाहिजे. ही वाघीण तुम्हीच प्लास्टिकच्या पत्र्यातून कापली आहे, कारण तिच्यावर बसायचंय विजयंता रणगाड्याला, आणि दुकानातले छोटे रणगाडे सहसा 1:72 चे. त्या मापाचा विजयंता 44 मिलिमीटर रुंद होतो आणि 37 मिलिमीटरच्या वाघिणीवरून दोन्हीकडे लोंबतो. तुमच्या मापाने तो 36 चा बसतो. म्हणून रणगाडाही हातानेच घडवला. तोफेची नळी 61 मिलिमीटर, तिचं तोंड जेमतेम 1.2 मिलिमीटर, त्यासाठी इंजेक्शनची जाड सुई कापली.

रूळही विकतचे चालले नाहीत. ते 16.5 मिलिमीटरचे, म्हणजे युरोपातल्या रेल्वेच्या मापाचे. आपला मोठा रूळ 1,676 मिलिमीटरचा. त्याला 87 ने भागलं की सव्वाएकोणीस येतात. पावणेतीन मिलिमीटर कुणाला दिसणार, असं घरचे म्हणतात. तुम्हाला दिसतात.

आता एक डोळा मिटा. दुसरा रुळाच्या पातळीला आणा. आणखी खाली.

खडी टोचते. कोळशाच्या धुराचा वास येतो. हिंगणघाटजवळचं फाटक, 1971 चा नोव्हेंबर. फाटकाच्या अलीकडे कापसाच्या बंड्यांची रांग लागली आहे, बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय, आणि एक म्हातारा बंडीच्या दांडीवरून ओरडतो, "काहून रे भाऊ, किती वेळ लावतं?"

फाटकवाला हिरवी झेंडी सरळ करत म्हणतो, "येऊन राह्यली ना बाबाजी. आज मोठं धूड हाय."

इंजिन जातं. मागून पहिली वाघीण येते आणि तुम्ही टेबलावर केलेलं सगळं इथे खरं झालेलं दिसतं, फक्त 87 पट. ताडपत्रीखालून बाहेर आलेली नळी. पट्ट्यांच्या पुढेमागे ठोकलेल्या लाकडी पाचरी. चारही कोपऱ्यांतून ताणून बांधलेले तारेचे दोर. मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यातून 1965 च्या अखेरीपासून विजयंता बाहेर पडू लागला. तिथून उत्तरेकडे जाणाऱ्या मालाची सरळ वाट हीच, बल्लारशा, हिंगणघाट, वर्धा, नागपूर, इटारसी. सरहद्दीवर काय शिजतंय हे म्हाताऱ्याला रेडिओवरून कळलं असेल. तो टोपी मागे सारतो आणि वाघिणी मोजायला लागतो.

तुम्ही धावत जाऊन चढता. (काळात मागे आलेल्या माणसाला रेल्वे पोलीस हटकत नाहीत, एवढी सवलत घेऊ.)

वर चढल्यावर कळतं की आपल्या वाघिणीत कुठे चुकलं. रणगाडा वाघिणीवर उचलून ठेवत नाहीत. तो स्वतः चालत येतो. गाडीच्या टोकाला उताराचा फलाट असतो. तिथून पहिला रणगाडा चढतो आणि सगळ्या वाघिणी एकामागून एक ओलांडत पार शेवटच्या वाघिणीपर्यंत जातो, मागचे त्याच्यामागे. पुढे एक जवान उलटा चालत हातांनी खुणा करतो, चालकाला स्वतःच्या पट्ट्याची कड दिसत नाही. पट्टा कडेपासून किती आत आहे ते हाताने मोजा. वितीएवढंही अंतर नाही. म्हणजे वाघिणीच्या तळाला दोन्ही बाजूंनी पट्ट्यांचे ओरखडे हवेत, आणि तुम्ही तर तळ कोरा करकरीत रंगवून ठेवलाय!

विजयंता 3.17 मीटर रुंद. रेल्वेची ठरलेली हद्द 3.25 मीटर. बसतो. सेंच्युरियन 3.39 मीटर. त्याला वाटेतल्या प्रत्येक पुलाची, फलाटाची, शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीची काळजी करत न्यावं लागतं. पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल थोड्याच दिवसांनी, 16 डिसेंबरला, भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत ज्या 'फमागुस्ता' रणगाड्यात मरेल, तो सेंच्युरियनच. तो आता अहिल्यानगरला (तेव्हाच्या अहमदनगरला) जपून ठेवलाय. आपण रणगाड्यांना नावं देतो, चौकात चौथरे बांधून ते उभे करतो. त्यांना लढाईपर्यंत वाहून नेणारी वाघीण मात्र नंतर गहू वाहायलाही जाते.

वर्ध्याला रूळ फुटतात. पश्चिमेला पुलगाव, लष्कराच्या दारूगोळ्याचं प्रचंड भांडार. आणि तिथूनच 1917 पासून आर्वीपर्यंत गेलेला 35 किलोमीटरचा अडीच फुटी रूळ. कारंज्याच्या दिशेने रेल्वे आली ती एवढीच, आणि आली ती कापसासाठी. 39 टनांचं धूड त्या रुळावर चढवणं म्हणजे वासरावर हत्ती बसवणं. तुमच्या टेबलावर मात्र तो रूळ जवळजवळ बिनचूक बसतो. 762 ला 87 ने भागा: पावणेनऊ. बाजारात 9 मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. मोठ्या रुळासाठी महिनाभर घासलं आणि छोटा आयता निघाला.

आर्वीच्या पुढे कारंज्यापर्यंत उरतो तो गवळाऊ बैल, पांढराशुभ्र, उंच, चालीला चपळ. या भागातल्या ओझ्यांनी पुढचा प्रवास त्याच्याच खांद्यावर केला. पुढच्या हिवाळ्यात फाटकापाशी त्याची जोडी उभी करायची, हे मनात पक्कं करा.

हनुवटी दुखते. डोळा उघडा. महामार्गावर ट्रकचा हॉर्न.

रणगाडा उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. खऱ्या विजयंताचं 39 टन वजन तिन्ही अंगांनी 87 पट लहान केलं तर 59 ग्रॅम भरतं, ताटलीतल्या संत्र्याहूनही कमी. तुमचा 22 ग्रॅम भरतोय. पोटात शिसं भरावं लागणार, नाहीतर वळणावर वाघीण त्याला घेऊन उसळणार.

मग पातळ ब्रश घ्या आणि तळावर ओरखडे काढा, दोन्ही कडांना, पहिल्या वाघिणीवर जास्त. सगळे रणगाडे तिच्यावरूनच गेलेत.

पुढची वाघीण अर्जुन रणगाड्याची. तो 3.86 मीटर रुंद आहे. त्याच्यासाठी रेल्वेवर खऱ्याच वेगळ्या वाघिणी बनवाव्या लागल्या. तुमच्या मापाने 44 मिलिमीटर. टेबलावरच्या वणा नदीच्या पुलाचे कठडे तुम्ही 42 वर चिकटवले आहेत.