पंपात हवा शिरते कोठून?

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा आणि आसपासच्या गावांत विहिरीवर मोटार बसविलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला 'पंपाने हवा धरली' या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मोटार गरगरत राहते, तिचा आवाज बदलतो, पाइपातून पाण्याऐवजी नुसती फसफस येते आणि थोड्याच वेळात तीही थांबते. नेमका हाच बिघाड पोहण्याच्या घरगुती तलावातही होतो. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. या भागातील फार्महाउस आणि कृषी पर्यटन केंद्रांच्या आवारात आता निळ्या फरशीचे तलाव दिसतात. तलाव नवा असला तरी त्याचा पंप विहिरीवरच्या पंपाच्याच कुळातला आहे आणि त्याचे दुखणेही तेच आहे.

पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो, ते वास्तविक खरे नाही. पंपाचा पंखा पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला पाइपातून वर ढकलते. सुमारे दहा मीटरपेक्षा खोल पाणी असे वर येत नाही, ही अडचण गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदविली होती. पण तिचे खरे कारण, म्हणजे हवेचा भार, काही वर्षांनी त्याचा शिष्य टॉरिचेली याने दाखवून दिले. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर आहे. सहाशे ते सातशे मीटर उंचीवरच्या जुन्नर परिसरात ती साडेनऊ मीटरच्या आसपास येते. घर्षण आणि इतर तोटे वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हाती लागतात.

पंपाच्या अलीकडचा, म्हणजे सक्शनचा सर्व पाइप चालू अवस्थेत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाखाली असतो, हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. तेथे चीर पडली तर पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि म्हणूनच अनुभवी प्लंबरही चकतात. पंपाच्या पलीकडे, दाबाच्या बाजूला चीर असेल तर पाण्याची चिळकांडी उडते आणि दोष लपत नाही. सबब, पंप चालू असताना तलावात पाणी सोडणाऱ्या तोंडांतून सतत बुडबुडे येत असतील, तर फिल्टर किंवा त्यापुढचा पाइप उकरत बसू नये. पंप तलावाच्या पातळीखाली बसविलेला असेल, तर तो बंद केल्यावर त्याच चिरेतून थेंब टपकू लागतात. दोष शोधण्याची ही सर्वांत स्वस्त वेळ होय.

थोड्याशा हवेने एवढा घोटाळा का व्हावा? पंखा जे फिरवतो त्याला तो ठरावीक उंचीपर्यंत उचलतो. पाणी पंधरा मीटर उचलणारा पंखा हवाही पंधरा मीटरच 'उचलतो'. पण हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट हलकी. पंधरा मीटर हवेचा स्तंभ म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी! पाण्यात दोन-तीन टक्के हवा असली तर पंप कुरकुरत का होईना चालतो. प्रमाण त्याहून बरेच वाढले की पंख्याच्या मध्यभागी हवेचा गोळा बसतो आणि पाणी सुटते. पाण्यावरच थंड राहणारे मेकॅनिकल सील मग कोरडे घासून जळते. प्लॅस्टिकचा पंप असेल तर अडकलेले पाणी तापून तोंडाशी असलेल्या आट्यांचा आकार बिघडतो आणि हवा शिरायला आणखी एक वाट तयार होते.

शोधाची सुरुवात तलावाच्या काठापासून करावी. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवी. ती खाली गेली की स्किमर भोवऱ्यासारखा हवा गिळतो. स्किमरची झडप वर अडकली तरी हेच घडते. पातळी उन्हाळ्यात आपोआप उतरते, कारण केवळ बाष्पीभवनाने दिवसाला सात ते दहा मिलिमीटर पाणी उडू शकते. आठ बाय चार मीटरच्या तलावात एक सेंटिमीटर म्हणजे ३२० लिटर. पाणी उडते आहे की गळते आहे याविषयी शंका असल्यास पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी आणि दोन्हींची घट ताडून पाहावी.

त्यानंतरचा संशयित म्हणजे पंपाच्या पुढे असलेल्या जाळीच्या भांड्याचे पारदर्शक झाकण. येथील ओ-रिंग हे घरगुती तलावांतील हवागळतीचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. एखादे पान, वाळूचा कण किंवा रबर कडक होऊन पडलेली भेग पुरेशी ठरते. रिंग काढून, खाच पुसून, तिला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. गाडीचे ग्रीस लावल्यास अनेक प्रकारचे रबर फुगते. भांड्याच्या तळाचे बूच, पंपाच्या तोंडाचे युनियन आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची रिंग यांची पाळी त्यानंतर येते. जमिनीखालचा पाइप हा शेवटचा संशयित असावा. फरशी फोडण्याची घाई मात्र सर्रास आधीच केली जाते.

नेमकी जागा सापडत नसेल, तर पंप चालू ठेवून एकेका सांध्यावर मगने पाणी ओतावे आणि झाकणातून आत पाहावे. ज्या सांध्यावर पाणी पडताच आतील बुडबुडे क्षणभर थांबतात, तेथे दोष आहे. दाढीचा फेस लावला तर तो चिरेच्या जागी आत ओढला जाऊन खळगा पडतो. वारा नसेल तर पेटती उदबत्तीही चालते, कारण तिचा धूर चिरेकडे वळतो. पाणी ओतताना मोटार आणि वायरिंग भिजणार नाही याची खबरदारी हवी. तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविलेला नसेल, तर हा प्रयोग करूच नये.

स्किमर आणि तळाचा ड्रेन यांचे पाइप वेगळे असतील, तर एकेकाचा व्हॉल्व्ह बंद करून कोणत्या शाखेत हवा आहे हे कळते. पण त्या वेळी तलावात कोणीही उतरता कामा नये. स्किमर बंद होताच पंपाची सारी ओढ तळाच्या एका जाळीवर येते आणि लहान मूल किंवा मोकळे केस तेथे अडकू शकतात. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेत २००७ मध्ये तळाच्या जाळीच्या सुरक्षित झाकणांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दुसरा धोका फिल्टरच्या टाकीचा. आत शिरलेली हवा टाकीच्या माथ्यावर दाबून बसते. पाण्यासारखी ती निमूट नसते, स्प्रिंगसारखी ताणलेली असते. झाकणाचा पट्टा ढिला असेल तर ते उडते आणि त्याने माणसे दगावल्याच्या नोंदी परदेशात आहेत. पंप सुरू करण्यापूर्वी टाकीवरचा हवा सोडण्याचा नळ उघडावा आणि दूर उभे राहावे.

सर्वच आवाज हवेचे नसतात. पंपात खडे घोळल्यासारखा खडखडाट होत असेल, तर जाळी तुंबली आहे किंवा पाइप अरुंद आहे, असे समजावे. ताशी पंधरा हजार लिटर पाणी ६३ मिलिमीटरच्या पाइपातून नेल्यास वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर होतो. सक्शनला याहून फारसा अधिक वेग सोसत नाही. व्हॅक्यूम गेज बसविल्यास निदान सोपे होते. काटा नेहमीपेक्षा वर गेला तर मार्ग तुंबला आहे, खाली आला तर बहुधा हवा शिरते आहे.

विहिरीवर यातील बरेच ज्ञान पूर्वीपासून आहे. तेथे मुख्य आरोपी पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला गावाकडे सरळ 'फुटबॉल' म्हणतात. त्याची वादी झिजली की मोटार बंद होताच पाइप रिकामा होतो. शेतकरी मग पंपात शेणकाला ओततात. त्यातील काडीकचरा वादीच्या फटीत बसून पाणी अडते. सांध्यावर ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळण्याची युक्तीही शास्त्रशुद्ध आहे, कारण आतील कमी दाबच रबराला चिरेवर दाबून धरतो. (तलावाच्या मालकांनी पट्टीपुरतेच अनुकरण करावे.) दिवाळीत निर्वेध चालणारा पंप चैत्रात हवा का धरतो, याचेही उत्तर येथेच आहे. पाण्याची पातळी खाली गेली की ओढ वाढते आणि तोवर गप्प असलेली चीर हवा पिऊ लागते.

मात्र तलावाच्या मालकाचे नुकसान फार तर एका सीलचे असते. शेतकऱ्याचे तसे नाही. शेतीपंपांची वीज आळीपाळीने रात्री आली, तर पाइप भरण्यासाठी अंधारात विहिरीवर जावे लागते, आणि जुन्नरच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. ऑटोस्टार्टर असला तरी तो रिकामा पंपही तितक्याच तत्परतेने सुरू करतो. पाणी सुटताच मोटार बंद पाडणारे ड्राय-रन संरक्षक उपकरण स्टार्टरला जोडता येते. त्याने मोटार वाचते, पण खेप वाचत नाही. ती वाचवायची असेल, तर फूट व्हॉल्व्हची वादी पावसाळ्यापूर्वी, विहिरीतील पाणी तळाला असतानाच बदलून घ्यावी लागते.